हौदावरचं नाव

परभणीत मी केलेलं अक्षर जिथं जिथं लागलंय, तिथून मी आता मान खाली घालून जातो. ओळखीच्यांना वाटतं, एवढं नाव झालं तरी माणूस किती नम्र. नम्र वगैरे काही नाही. मला लाज वाटते. आणि ती लपवायला शहरात जागाही उरलेली नाही, कारण ते अक्षर स्टेशन रोडपासून वसमत रोडपर्यंत सगळीकडं आहे. मंगल कार्यालयाच्या कमानीवर आहे, साडीच्या दुकानावर आहे, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तर हटकून आहे. लग्नाची पत्रिका हातात आली की मी ती न उघडता बायकोकडं देतो आणि तारीख तिलाच विचारतो.

माझा धंदा मराठी फॉन्ट तयार करण्याचा. शिक्षण बाहेर झालं, नोकरी पुण्यात झाली, मग काम घरून करता येऊ लागलं तसा मी परभणीला परत आलो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणत मित्रांनी टिंगल केली, मी हसून घेतली. काही वर्षांपूर्वी मी एक नक्षीदार फॉन्ट केला. आमच्यात याला डिस्प्ले फॉन्ट म्हणतात. पुस्तकातला मजकूर त्यात लावायचा नसतो. दोन-चार शब्द, तेही भलेमोठे, एवढ्यापुरताच तो वापरायचा. नवरीचे दागिने घालून कुणी भांडी घासायला बसत नाही, तसंच हे.

फॉन्ट दिसायला देखणा होता हे मी आजही नाकारणार नाही. अक्षरांवरची शिरोरेषा म्हणजे सरळ दांडी नव्हतीच, तो एक वेल होता. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत तो पानं टाकत जायचा. काना म्हणजे कळ्या लागलेला देठ. वेलांटी मोराच्या मानेसारखी वळायची आणि चोचीवर संपायची. 'व', 'ब', 'क' यांच्या पोटात फुलं उमललेली. एवढं सगळं मावायला जागा हवी, म्हणून अक्षराची मूळ रेघ मी बारीक करत गेलो. वेल जाड, अक्षर बारीक. तेव्हा मला ती माझी हुशारी वाटली होती.

फॉन्ट चालला. पत्रिकावाल्यांनी घेतला, फ्लेक्सवाल्यांनी घेतला, कुणी पैसे देऊन, कुणी पेन ड्राइव्हवरून. चोरीचं मला एवढं दुःख नव्हतं. माझा संताप व्हायचा तो वापरावरून. कुणी अक्षर ओढून लांब करायचा, कुणी पिवळ्यावर लाल चढवून त्याला निळी सावली द्यायचा. एका मटणाच्या दुकानावर बोकडाच्या मुंडीशेजारी माझा मोर मान वळवून बसला होता. मी स्वभावानं तापट आहे. असली पाटी दिसली की गाडी थांबवून आत जायचो आणि भांडायचो. एका फ्लेक्सवाल्याला मी झापलं, की बाबा रे, श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर कुणी फुलापानांचा फॉन्ट लावतं का? तो शांतपणे म्हणाला, "साहेब, वाढदिवसाचीच फाइल व्हती. फोटू बदलला." घरी आल्यावर मी तासभर बडबडत होतो. कुठं काय वापरावं याची अक्कलच नाही लोकांना, असं माझं म्हणणं होतं.

हे म्हणणाऱ्या माणसानं पुढं काय केलं ते आता सांगतो.

माझी आत्या वालूरच्या पुढं एका खेड्यात राहते. वडिलांची ही थोरली बहीण. तिच्या नवऱ्याला आम्ही मामा म्हणायचो, आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरांचा कळप, एवढा त्यांचा संसार. दिवाळी झाली की मामा कळप घेऊन बाहेर पडायचे, कुणाच्या रानात मेंढरं बसवत, खताच्या बदल्यात धान्य घेत, लांबवर जाऊन यायचे. उंच, हडकुळे आणि फार मिस्कील. मला ते 'चित्रगुप्त' म्हणायचे, कारण मी सदानकदा काहीतरी रेघोट्या ओढत असायचो.

आत्यानं मामांचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. तिच्या वयाच्या बायका काढतच नाहीत. रेशनच्या दुकानात कार्डावरचं नाव विचारलं तर ती शेजारणीला पुढं करायची. सणावाराला, लग्नकार्यात बाकीच्या जणी उखाण्यात का होईना, नवऱ्याचं नाव घ्यायच्या. आत्या तेवढ्या वेळापुरती चुलीकडं पळायची. "मला न्हाई येत बाई त्ये यमक-बिमक," म्हणायची. आम्ही पोरं तिला मुद्दाम विचारायचो, की मामांचं नाव काय गं? ती म्हणायची, "तुमच्या मामालाच इचारा." तिनं घेतलं नाही म्हणून मीही ते इथं घेत नाही. एवढंच सांगतो, की तीन अक्षरी नाव आहे, एक काना आणि शेवटी वेलांटी.

उतारवयात आत्या गावातल्या बायकांच्या साक्षरता वर्गाला जायला लागली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई संध्याकाळी हा वर्ग घ्यायच्या. आधी स्वतःचं नाव शिकवलं, मग नवऱ्याचं. बोलायचं नव्हतं, नुसतं लिहायचं होतं, त्यामुळं आत्याला काही अडचण आली नाही. पहिल्यांदा जमलं त्या दिवशी पाटी पदराखाली झाकून ती घरी आली आणि मामांच्या पुढ्यात धरली. मामांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी पाटी उलटी धरली, सुलटी धरली. मग म्हणाले, "ह्यो मी हाय व्हय? लयच वाळलोय की गं."

हे आत्या मला कितीदा तरी सांगायची, आणि दर वेळी सांगताना लाजायची.

तिचं वाचन कसं, तर एकेका अक्षरावर बोट ठेवायचं, ओठ हलवायचे, ते अक्षर पक्कं झालं की बोट पुढं सरकवायचं. खताच्या पोत्यावरचं वाचायची, साबणाच्या कागदावरचं वाचायची. एसटीची पाटी तिची वाचून व्हायची तोवर एसटी निघून जायची. मामा चिडवायचे, की हिला शिकवून सरकारनं आमची गाडी चुकवली. तरीही ती वाचायची सोडत नसे.

मामा गेले ते अचानकच. सकाळी मेंढरं सोडायला उठले, छातीत कळ आली, गाडी बोलावेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आत्या फार रडली नाही. काही महिन्यांनी तिनं ठरवलं, की मामांच्या नावानं मेंढरांसाठी पाण्याचा हौद बांधायचा. माळाकडं जाणाऱ्या वाटेवर माणसांना हातपंप होता, पण जनावरांना कुठंच पाणी नव्हतं, आणि मामांचं आयुष्यभर हेच रडगाणं होतं. पंचायतीनं बोअरजवळची जागा दिली. आत्यानं काही मेंढरं विकली आणि हौद उभा राहिला.

मग तिचा मला फोन आला.

"आरं, हौदावर काळा दगड बसवायचाय. त्येच्यावर मालकाचं नाव टाकायचंय. तूच काढ. तुजं अक्षर लय गाजायलंय म्हनं तिकडं."

"काढतो की आत्या. त्यात काय एवढं."

"आन आयक. वर्षश्राद्धाच्या दिशी मी वाचनार हाय."

"काय वाचणार?"

"त्येंचं नाव. दगडावरचं. समद्या गावाम्होरं, मोठ्यानं."

मी चाटच पडलो. "आत्या, तू मामांचं नाव घेणार?"

"घेनार न्हाई रं बाबा. वाचनार. लिवलेलं वाचाया काय दोष न्हाई. मी शाळंतल्या बाईला इचारलं. चार मान्सांत, पाटीवरचं वाचलं तर त्ये काय नाव घेतल्यावानी न्हाई, आसं ठरलंय आमचं." मग म्हणाली, "जन्मभर मपल्या तोंडातून निघालं न्हाई त्ये. एकडाव निघू दे."

फोन ठेवल्यावर माझे डोळे भरून आले. हे मी स्वतःच्या बाजूनं सांगत नाही. डोळे भरून येणं फार सोपं असतं. आत्याला काय हवंय हे मला चांगलं समजलं होतं. ज्या बाईनं नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नाही, तिला ते एकदा, सगळ्यांसमोर, स्वतः वाचून उच्चारायचं होतं. आणि एवढं समजल्यावर मी काय ठरवलं? ठरवलं, की असल्या प्रसंगाला साधं अक्षर शोभणार नाही. माझ्याकडचं सगळ्यात भारी अक्षर इथं लागलं पाहिजे.

फॉन्टमधली अक्षरं मी नुसती उचलली नाहीत. तीन अक्षरांसाठी कितीतरी दिवस बसलो. वेल नव्यानं काढला, दाट केला, आणि तो दगडाच्या दोन्ही कडांपर्यंत नेला. वेलांटीतला मोर काढून टाकला आणि तिथं मेंढ्याच्या शिंगाचा वळसा दिला. तो वळसा जमला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. मामांची मेंढरं, मामांचं नाव, आणि नावात शिंग! असलं काही आपल्याकडं आजवर झालं नाही, असं मला मनापासून वाटलं. वरची 'जनावरांसाठी पाण्याचा हौद' ही ओळ आणि खालची 'यांच्या स्मरणार्थ' ही ओळ मी साध्या, ठळक अक्षरात टाकून दिली. त्या ओळींकडं कोण बघणार होतं?

बायकोला कागदावर छापून दाखवलं. तिनं कागद लांब धरला, जवळ धरला.

"छान आहे. नाव कुठंय यात?"

"नीट बघ की."

"आता दिसलं. पण मामांचं नाव मला माहीत आहे म्हणून दिसलं. नाकापेक्षा मोती जड झालाय तुमचा."

मी भडकलो. तिच्या माहेरच्यांच्या दारावर कसल्या पाट्या असतात इथपर्यंत गेलो, तिला अक्षरातलं काय कळतं इथपर्यंत गेलो. ती कागद टेबलावर ठेवून भाजी चिरायला निघून गेली. मग मी तो कागद ग्रॅनाइटवाल्याकडं नेला. मशीननं दगड कोरला, कोरलेल्या भागात सोनेरी रंग भरला. दुकानदार म्हणाला, "लय भारी काम हाय साहेब. आसं आपल्याकडं आलंच न्हवतं." त्यानं मोबाइलवर फोटो काढून स्टेटसला टाकला. मी तो फोटो बायकोला पाठवला. काही लिहिलं नाही खाली, पण तिला कळावं म्हणूनच पाठवला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी हौदाजवळ मंडप घातला होता. भाऊबंद होते, गावातली झाडून सगळी माणसं होती, वर्गातल्या बायका पुढं सतरंजीवर बसल्या होत्या. दगडावर पडद्याऐवजी मामांची घोंगडी टाकली होती, ती आत्याची कल्पना. हौद भरलेला होता. सरपंचांचं भाषण झालं. मग शाळेच्या बाईंनी माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, की आता आमच्या वर्गाच्या विद्यार्थिनी पाटी स्वतः वाचून दाखवतील.

आत्यानं घोंगडी काढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल वर झाले. उन्हात सोनेरी रंग असा काही चमकला, की मी आत्याकडं बघायचं सोडून लोकांचे चेहरे बघत होतो. कोण काय म्हणतंय ते ऐकत होतो. माझी ती वेळ अशी गेली हे मला विसरता येत नाही.

आत्यानं पदर सारखा केला, पुढं झाली आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं. बाईंनी माइक तिच्या तोंडाजवळ धरला. "ज... ना... व... रां... सा... ठी," आत्या वाचत गेली. आवाज आधी कापरा होता, मग स्थिर झाला. "पा... ण्या... चा... हौ... द." सतरंजीवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या हसली. खरंच हसली, त्या हसण्यात भीती नव्हती. मग तिनं बोट खाली घेतलं, नावावर ठेवलं.

बोट वेलावर होतं. ते डावीकडून निघालं, एका पानावर थांबलं, पुढं सरकलं, फुलावर थांबलं, पुन्हा पुढं गेलं, आणि वेलावरून चालत चालत दगडाच्या कडेला जाऊन खाली उतरलं. आत्यानं बोटाकडं पाहिलं. परत पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी जरा खालून. देठाला बोट लागलं, तिथं ओठ हलले, कान्याचा अंदाज तिला आला असावा. पण काना कुणाचा? शेजारी अक्षर होतं ते पानांच्या आड गेलेलं. बोट शिंगापर्यंत गेलं आणि शिंगाच्या वळशात गोल गोल फिरलं.

लोकांना वाटलं, तिला हुंदका आलाय. दोन-चार बायकांनी तर डोळ्यांना पदर लावला. सरपंच हळूच म्हणाले, "दम खा माय, दम खा." माझ्या मात्र एव्हाना लक्षात आलं होतं. पुढं होऊन तिच्या कानात नाव सांगावं असं वाटलं, पण मी नाव सांगून तिनं ते म्हणणं म्हणजे वाचणं नव्हे, हेही मला कळत होतं. मी काही न करता उभा राहिलो.

मागून एक म्हातारी ओरडली, "अगं म्हन की! नाव तर ठावं हाय ना तुला!"

आत्या वळली. माइक तिच्यासमोरच होता, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं.

"ठावं हाय की. पर हितं दिसंना."

कुणीतरी हसलं. वाईट हेतूनं नसेल, पण हसलं. आत्या दगडापासून एक पाऊल मागं सरली. सरपंचांनी वेळ निभावून न्यायची म्हणून माइक घेतला, मामांचं नाव खणखणीत आवाजात आडनावासकट म्हणून टाकलं आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. माणसं उभी राहिली. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, तसं मला तेव्हा अगदी खरोखर वाटलं. धरणी काही घेत नाही. उभं राहावं लागतं.

जेवणावळीत आत्या स्वतः वाढत होती. माझ्या ओळीत आली तेव्हा मी वर पाहिलं नाही. शेजारच्या पाहुण्यानं दगडाची तारीफ केली, तर ती म्हणाली, "भाच्यानं लय बारीक काम केलंय. मलाच येईना. मपलंच शिक्षण कमी पडलं." आणि माझ्या पानात आणखी एक बुंदीचा लाडू ठेवला. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मी तो लाडू खाऊ शकलो असतो.

मी फार विचार केला नंतर. इतकी वर्षं या धंद्यात काढून एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती. नक्षीदार अक्षर कुणी वाचत नसतं. पत्रिकेवर 'शुभ विवाह' असणार हे आधीच माहीत असतं, म्हणून आपण नक्षी बघतो आणि वाचल्यासारखं करतो. कमानीवर गावाचं नाव असतं ते गावकऱ्यांना पाठच असतं. ज्याला शब्द आधीच ठाऊक आहे त्याच्यासाठी मी सजावट केली होती. आणि आत्याला तर शब्द ठाऊक होता! सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होता. फक्त ठाऊक असलेलं वापरायचं नाही, दगडावर असेल तेच म्हणायचं, एवढा प्रामाणिकपणा त्या मंडपात तिच्या एकटीकडं होता.

त्या रात्री मी तिथंच राहिलो. सकाळी वालूरहून काळा ऑइल पेंट आणि ब्रश आणला आणि हौदावर गेलो. म्हटलं, वेलावरचा सोनेरी रंग काळा करून टाकू, म्हणजे नुसतं अक्षर उरेल. आधी पानं बुजवली, मग कळ्या, मग फुलं. शिरोरेषा बुजवायला गेलो, तर तिच्याबरोबर अक्षराचा माथाच गेला, कारण शिरोरेषा म्हणजे वेलच होता. काना देठ होता, तो बुजवला तर काना नाही. वेलांटी शिंगातच होती. रंगवत रंगवत शेवटाला आलो तेव्हा काळ्या दगडावर सोनेरी बारीक तुकडे उरले होते, इथं एक रेघ, तिथं एक आकडा. मी अक्षर सजवलं नव्हतं. अक्षर काढून घेऊन त्या जागी सजावट ठेवली होती. पाणी पाजायला कळप घेऊन आलेला एक जण माझ्याकडं बघून म्हणाला, "कामून खोडायलाव साहेब? चांगलं व्हतं की!" मी ब्रश पुसला आणि डब्याला झाकण लावलं.

परभणीत येऊन मी दुसरा दगड करायला घेतला. साधी, जाड, मोकळी अक्षरं काढायची होती, शाळेच्या फळ्यावर बाई काढतात तशी. मला ती पटकन येईनात. हात आपोआप वळायचा, शेवटाला एखादं टोक उडवायचा, आणि मी ते चिडून खोडायचो. बायको येता-जाता बघायची, पण 'मी सांगत होते' असं एकदाही म्हणाली नाही. मीच एकदा तिला थांबवून म्हणालो, की मी तुला फार वाईट बोललो. ती म्हणाली, "मला बोललात त्याचं काही नाही."

दगड तयार झाला तेव्हा आत्याला फोन केला. ती म्हणाली, "कशाला रं खर्चात पडतूस? ऱ्हाऊ दे की त्यो, खोडला तर खोडला." पण मी गेलो. गवंडी बरोबर होता. जुना दगड काढला, नवा बसवला. मंडप नाही, माइक नाही, दुपारची वेळ. गवंडी हात धुऊन निघून गेला. मी आत्याला घरून बोलावून आणलं. मेंढरंही तिच्याबरोबर आली, हौदाला तोंडं लावून पाणी प्यायला लागली.

आत्या दगडापुढं उभी राहिली. बोट ठेवलं. पहिल्या अक्षरावर ओठ हलले, बोट कान्यावरून खाली आलं, दुसऱ्यावर गेलं, तिसऱ्यावर गेलं, वेलांटीवरून वर जाऊन परत आलं. कुठंही अडलं नाही. मग पुन्हा एकदा पहिल्यापासून. तिचा चेहरा बदलत गेला तो मी पाहिला, या वेळी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही.

"आलं वाचायला?" मी विचारलं.

"आलं की. सरळ हाय."

"मग म्हण ना आत्या. मोठ्यानं."

तिनं दगडावरचं बोट काढलं नाही. माझ्याकडं बघितलं, मग वाटेकडं, जिथं कुणीच नव्हतं.

"आता हितं कोन हाय रं? मेंढरं आन तू. त्या दिशी समद्या गावात म्हनले असते तर त्ये वाचनं झालं असतं. आता म्हनले तर नाव घेतल्यावानी व्हतंय."

मी म्हणालो, "पुन्हा लोकांना बोलावू. मी करतो सगळं."

"आन कशाचं बोलवतूस? वर्षश्राद्ध काय दोनदा घालत्यात?"

एक मेंढरू हौदात पाय टाकायला लागलं. आत्यानं त्याला हाकललं, पदराच्या टोकानं नावावरची सिमेंटची धूळ पुसली आणि ओठ मिटून कळप माळाकडं वळवला.